बाटली चढवली की गाय उठतेच?

‘व्यालेली गाय बसली म्हणजे कॅल्शियम संपलं. मेडिकलमधून बाटली आणा, शिरेतून पूर्ण चढवा, पंधरा मिनिटांत उठते. डॉक्टर तेच करतो अन् हजार रुपये घेतो.’ मराठवाड्यातल्या दूधवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

‘बसली म्हणजे कॅल्शियम.’ आधी थर्मामीटर लावा. व्याल्यावर कॅल्शियम घटून गाय बसते, त्या आजाराचं नाव मिल्क फीवर असलं तरी त्यात ताप नसतो. कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद, मान वळवून कुशीवर टाकलेली आणि पारा बहुधा १०० फॅरनहाइटच्या खाली. हे होतं ते बहुतेक करून व्याल्यावर तीन दिवसांत, तिसऱ्या वेतापुढच्या दुधाळ संकरित गाईला. पहिलारू कालवड किंवा चार लिटरवाली देवणी जातीची गावरान गाय बसली तर आधी दुसरं कारण शोधायचं. पारा १०४ दाखवत असेल तर सड पिळून बघा, पाण्यासारखं दूध येतंय का. वार अडकून सडलीय का. कासेच्या किंवा सडलेल्या वारेच्या संसर्गाचं विष अंगात भिनलेल्या गाईचं हृदय आधीच दमलेलं असतं. त्यावर शिरेतून कॅल्शियम गेलं तर ती जागेवर दगावू शकते.

‘पूर्ण चढवा.’ किती वेळात, ते मेसेजात नाही, आणि घात होतो तो इथंच. कॅल्शियम थेट हृदयाच्या ठोक्यावर काम करतं. ४५० मिलीची बाटली थंडीत कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची आणि १० ते २० मिनिटं घेऊन सावकाश सोडायची. डाव्या कोपराच्या मागं स्टेथोस्कोप शेवटपर्यंत. ठोका चुकायला लागला किंवा एकदम मंदावला की बाटली बंद. ढेकर आला, अंग थरथरलं, नाकपुडी ओली झाली, शेण टाकलं, की औषध लागू पडतंय. बसलेल्या गाईला तोंडानं काही पाजू मात्र नका. गिळता येत नाही, ते फुप्फुसात उतरतं.

‘उठते.’ बऱ्याच उठतात. त्यातल्या साधारण चारातली एक २४ ते ४८ तासांत पुन्हा बसते, आणि दुधावाटे कॅल्शियम जातं, म्हणून पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही. गाय चारा खाते, टकाटका बघते, पण मागचा भाग उचलत नाही? मग फॉस्फरस कमी असेल, नाहीतर फरशीवर तासन्‌तास एकाच कुशीवर पडून मांडीचा स्नायू नि नस दबली असेल. तिथं दुसरी बाटली कामाची नाही. खाली वाळू किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर द्या आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

‘डॉक्टर तेच करतो.’ साडेपाच वर्षांची पदवी, त्यावर मेडिसिनमध्ये दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी), परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजांत शिकवतात ते हेच: बसलेल्या दहा गाईंतली कोणती कॅल्शियमची. डॉक्टर औषधाआधी रक्त घेतो. निरोगी गाईत कॅल्शियम १०० मिलीला ८.५ ते १० मिलिग्रॅम असतं. बसलेलीत ते बरंच खाली आलेलं सापडतं. फी जड वाटते, हे मान्य. त्यासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे, पशुवैद्यांचं फिरतं पथक येतं. तोवर तुम्ही बाटली चढवलीच असेल तर लपवू नका: किती मिली, किती वाजता, हे आल्याआल्या सांगा. त्यानंतर घेतलेल्या रक्तावरून मूळ पातळी कळत नाही.