डावी कूस आणि गुरुत्वाकर्षण

मला डाव्या कुशीवर झोपून वाचायची सवय आहे, लग्नाआधीपासूनची, आणि इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं कारण पुस्तकाला आपल्या कुशीशी काही देणंघेणं नसतं, धरू तसं ते राहतं. या दिवाळीत नवऱ्याने दहा इंची टॅब आणला आणि वर म्हणाला आता कपाटातली रद्दी काढ. रद्दी म्हणजे माझी पुस्तकं. त्या वाक्याचं काय करायचं ते मी नंतर बघणार होते, पण पहिल्याच रात्री ओटा पुसून, मटकी भिजत घालून साडेदहाला आडवी झाले, कादंबरी उघडली, डावीकडे वळले आणि माझ्याबरोबर पानही वळलं. ओळी डोळ्यांना काटकोनात. मी टॅब फिरवला, पान परत फिरलं. मी मान वाकडी केली, तर मानेतून कटकन आवाज आला.

त्याचं असं असतं की टॅबच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाची एक चिमुकली चिप असते, तिच्यात सिलिकॉनचं बारीकसं वजन स्प्रिंगवर टांगलेलं असतं आणि गुरुत्वाकर्षणाने ते जिकडे ओढलं जाईल तिकडे खाली, असा तिचा सरळ हिशोब. म्हणजे जमीन कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत. मी कुठे आहे हे माहीत नाही. (या घरात हे नवीन नाही.) टेबलावर सपाट ठेवला तर त्याला काहीच कळत नाही, सगळी ओढ थेट खाली, मग आधी होतं तेच धरून बसतो, आणि समोरून रेसिपी वाचणाऱ्याने खुर्ची उचलून पलीकडे जायचं. 2021 साली अँड्रॉइड 12 मध्ये कॅमेऱ्यातून चेहरा बघून पान फिरवायचं की नाही ते ठरवायची सोय गूगलच्या काही पिक्सेल फोनना मिळाली म्हणे, म्हणजे कुशीवर वाचणारं कुणीतरी तिकडेही होतं. आमच्या टॅबपर्यंत ती सोय पोचलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल ऑटो रोटेट बंद कर की. केलं. वरून पट्टी ओढली, बंद केलं, एक रात्र स्वर्गात काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी टॅब नेहमीसारखा साखरेच्या डब्याला टेकवून आडवा ठेवला, कीर्तन लावलं आणि बुवा आडवे. अक्षरशः कुशीवर झोपून निरूपण करतायत, आणि तेही मधल्या बारक्या पट्टीत, अंगठ्याएवढे. "अगं, हे आजारी आहेत का?" व्हिडिओच्या कोपऱ्यातलं चौकोनी बटण दाबलं की ऑटो रोटेट बंद असूनही तो मोठा आणि आडवा होतो हे मी त्यांना दाखवलं, पण ते बटण दिसायला आधी स्क्रीनला बोट लावावं लागतं आणि दुपारी त्यांचे दोन्ही हात कणकेत असतात. दोन दिवसांत स्क्रीनवर पोळीला पुरेल एवढी कणीक जमली. मग त्या मला हाक मारणार, मी ऑटो रोटेट चालू करणार, रात्री बंद करायला विसरणार, पान गरगर.

नवरा म्हणाला पूर्वी आयपॅडला याच्यासाठी कडेला खटका होता, सरकवला की काम झालं. ते खरंय, पण पूर्ण गोष्ट मी नंतर शोधून वाचली. 2010 च्या पहिल्या आयपॅडला तो खटका होता, त्याच वर्षी नोव्हेंबरात अपडेट आलं आणि त्याच खटक्याने एकदम आवाज बंद व्हायला लागला, लोकांनी बोंबाबोंब केली, मग 2011 च्या मार्चमध्ये खटक्याने काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणून सेटिंग दिलं, आणि 2014 च्या आयपॅड एअर 2 मध्ये खटकाच काढून टाकला. भांडणाचं मूळच उपटलं. आमच्या घरी रिमोटचं हेच झालंय.

तर मी ॲप घेतलं. प्रत्येक ॲपला वेगळी दिशा ठरवून देणारं, पुस्तक उभं, कीर्तन आडवं. त्याने आधी 'इतर ॲप्सच्या वर दिसण्याची' परवानगी मागितली, मी दिली. मग मला हौस सुटली. कुशीवर असताना एक हात दबलेला असतो, दुसऱ्याने टॅब धरायचा का पान उलटायचं, आणि वाचायच्या ॲपमध्ये व्हॉल्यूमच्या बटणांनी पान उलटायची सोय असते, ती चालू केली. ती इतकी आवडली की प्रत्येक बटणाला हवं ते काम लावून देणारं अजून एक ॲप घेतलं, व्हॉल्यूम दोनदा दाबलं की टॉर्च वगैरे. त्याने विचारलं, मी तुमची स्क्रीन बघू का आणि तुमच्या वतीने कामं करू का. इतक्या वर्षांत मला हे घरात कुणीच विचारलं नव्हतं, मी लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लाइट बिल भरायला बँकेचं ॲप उघडलं तर ते उघडेचना. या डिव्हाइसवर धोकादायक परवानग्या आहेत म्हणून मला माझ्याच खात्याच्या दारात उभं केलं. दोन्ही ॲपं बंद करा, बिल भरा, परत चालू करा. बिल अकराशे चाळीस, वेळ पाऊण तास.

आणि मग ती रात्र. पावणेबारा, सगळे झोपलेले, मी डाव्या कुशीवर, तळहात टॅबच्या कडेवर. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही एकदम तीन सेकंद दाबली गेली की एक शॉर्टकट चालू होतो हे मला माहीत नव्हतं. स्क्रीनवर काहीतरी विचारलं, चष्मा डोक्यावर होता, मी 'चालू करा' दाबलं. आणि एक बाई बोलायला लागली.

खणखणीत. बोट लावेन ते वाचून दाखवते. "मागे. बटण. सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा." मी एकदा टॅप करत होते, ती नुसती वाचत होती. हिरवा चौकोन जाईल तिथलं सगळं. नायिका नायकाला काय म्हणाली तेही, बातम्यांच्या आवाजात, पूर्ण हॉलला. आवाज कमी करायला व्हॉल्यूम दाबलं तर पान उलटलं, कारण ती सोय मीच केली होती. परत दाबलं, परत पान उलटलं, बाईने पुढचा प्रसंग घेतला, जो आदल्यापेक्षा घरात ऐकण्यासारखा अजिबात नव्हता. शेवटी पॉवर बटण दाबून धरलं तर टॅब बंद न होता असिस्टंट उगवला, मी काय मदत करू, आता दोघी बोलायला लागल्या. नवरा उठून म्हणाला, कोण आलंय?

उशी घातली वर. उशीखालूनही ऐकू येत होतं.

लेक पुण्याला हॉस्टेलवर, तिला फोन केला, ती जागीच होती (का जागी होती ते मी त्या वेळी विचारलं नाही, नंतर विचारलं). "आई, टॉकबॅक चालू झालंय, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं ते. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं तीन सेकंद धर." धरली. शांतता. मग मी तिला सगळी कहाणी सांगितली, कूस, कीर्तन, दोन ॲपं, बँक. ती म्हणाली, "अगं ऑटो रोटेट बंदच ठेव कायम. टॅब फिरवलास की खाली कोपऱ्यात छोटं गोल आयकॉन येतं, ते दाबलं तरच पान फिरतं, नाही दाबलं तर नाही. अँड्रॉइड 9 पासून आहे."

"म्हणजे कधीपासून?"

"2018."

मी दिवा लावून बघितलं. होतं तिथेच. तीन-चार सेकंद दिसतं आणि जातं, आणि ऑटो रोटेट बंद असेल त्या रात्री मी ते बोटाने झाकून टॅब धरत होते. दोन्ही ॲपं काढून टाकली, व्हॉल्यूमला त्याचं जुनं काम दिलं, बँकेने घरात घेतलं.

सकाळी सासूबाईंनी चहा घेता घेता विचारलं, "रात्री ती बाई कोण वाचत होती गं?" मी म्हटलं टॅब बिघडला होता, आता नीट झाला. "बिघडला कुठे, चांगलं वाचत होती की, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पेपर नीट वाचवत नाही, तर तिला सांग ना." मी नको नको म्हणत त्यांना दोन बटणं दाखवली, तीन सेकंद मोजून. पॉवर बटण दाबायला इतके दिवस मला हाक मारणाऱ्या बाई, ते मात्र एका फटक्यात शिकल्या. आता दुपारी पेपर, मग मृत्यूच्या जाहिराती सावकाश, एकेक, आणि संध्याकाळी मी परत घेते तेव्हा बटणं दाबून बंद करायला त्या विसरलेल्या असतात.

काल साडेदहाला कुशीवर वळले, पान जागच्या जागी, उभं, सरळ, डोळ्यांसमोर. बोट लावलं. "प्रकरण सातवे," बाई म्हणाली, आणि पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "अगं मोठ्याने लाव, काल सहाव्यात अर्धवट राहिलं होतं."