सच्याच्या पोरीचं काय करायचं?

गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी. त्यामुळे सकाळी साडेनऊलाच कट्टा भरला होता. सच्याने पाच कटिंग सांगितले, तेव्हाच आम्हाला संशय आला. हा माणूस उगाच चहा पाजत नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कंपनीचं पत्र आलं होतं. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्यांना मिळणाऱ्या तिकडच्या कामाच्या परवान्यावर, जानेवारीत तो जाणार, दहावीची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये बायको-पोरं. पोरगा तिसरीत आहे, त्याची कुणाला काळजी नव्हती. घोडं अडलं होतं पोरीपाशी. ती दहावीला.

"तिला नेऊ नको," नित्याने लगेच निकाल दिला. "आजीजवळ ठेव, बारावी कर, जेईई दे. मग जर्मनीत फुकटात इंजिनिअरिंग." नित्याचा अकरावी-बारावीचा क्लास आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

शिऱ्या दोन वर्षं तिकडे ऑनसाइट राहून आलाय. एरवी तो सांगतो ते ब्रेडचे प्रकार, पण या वेळी कामाचं बोलला. "फुकट सगळीकडे नाही. स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे, ते 2017 पासून युरोपबाहेरच्या पोरांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं. तिथल्याच शाळेतून आबिटूर, म्हणजे त्यांची बारावी म्हण, केलेल्यांना ती फी नाही. आणि आपल्या नुसत्या बारावीवर तिकडे थेट घेत नाहीत. जेईई ॲडव्हान्स्ड निघाली पाहिजे, नाहीतर इथल्या कॉलेजचं एक वर्ष पास, नाहीतर तिकडे जाऊन वर्षभर तयारीचा कोर्स."

"काढेल की ॲडव्हान्स्ड."

"तुझ्या क्लासमधून गेल्या वर्षी किती जणांनी काढली?"

नित्याने चहात क्रीमरोल बुडवला.

"बरं, ती अठराची कधी होते?" शिऱ्याने सच्याला विचारलं. बारावीच्या परीक्षेआधी, जानेवारीत. "मग झालंच. आई-बापाच्या मागोमाग मूल म्हणून व्हिसा मागायचा तर अर्ज अठराच्या आत. नंतर ती परकी विद्यार्थिनी. वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखव, नाहीतर तू लेखी हमी दे. पोरगी तुझीच, पण कागद परक्या पोरीचे."

यावर सच्या पहिल्यांदा गप्प झाला. मलाही ही अठराची भानगड ठाऊक नव्हती. घरात चर्चा फी आणि थंडी यांचीच होते.

तेवढ्यात बापू बोलले. बापू आमच्यात सगळ्यात मोठे, आयटीआयचे टर्नर, तीस वर्षं लेथवर काढलेली. उजव्या अंगठ्याचं नख अजून काळंच आहे. "कॉलेजच कशाला? तिकडे ते आउसबिल्डुंग असतं ना, कंपनीत काम करता करता धंदा शिकायचं?"

"पोरीला विमानात घालून न्यायचं आणि आयटीआयला बसवायचं?" नित्या हसला. "मग औंधचं काय वाईट आहे?"

इथून आवाज चढले. मुद्दा शिऱ्याने सांगितला तेवढा देतो. आधी एखादी कंपनी गाठायची, तिच्याशी करार करायचा. आठवड्याचे एक-दोन दिवस व्यवसायशाळेत, बाकीचे कंपनीत. दोन ते साडेतीन वर्षं. असे तीनशेच्या वर धंदे आहेत, मेकॅट्रॉनिक्सपासून बँकेपर्यंत. पैसे पहिल्या महिन्यापासून. 2025 साली सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कमीत कमी 682 युरो महिना, हे कायद्यानेच ठरलेलं. आपल्याकडेही अ‍ॅप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे, पण आपण स्टायपेंड म्हणतो तेव्हा तोंड कसं करतो ते आठवा.

बापूंनी एक किस्सा सांगितला. त्यांच्या शॉपमध्ये नवं मशीन बसवायला एक जर्मन आला होता. सगळे त्याला साहेब, साहेब करत होते. हा निळा बॉयलर सूट घालून मशीनखाली उताणा झोपला आणि स्पिरिट लेव्हल लावून पायाखालच्या पट्ट्या सरकवत राहिला. दोन तास. जेवायलाही उठला नाही. बापूंनी विचारलं, इंजिनिअर का? तो म्हणाला, नाही, माइस्टर. "माइस्टर हे त्याने असं सांगितलं, जसं आपण कलेक्टर सांगतो." शिऱ्याने पुस्ती जोडली की माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन झालेला धंद्यातला उस्ताद, आणि त्यांच्या पात्रतेच्या शिडीवर माइस्टर आणि बॅचलर डिग्री एकाच पायरीवर आहेत, सहाव्या. माइस्टरला पुढे विद्यापीठाचं दारही उघडं असतं.

"मग तुमच्या अमितला आयटीआयला का नाही घातलंत?" सच्याने विचारलं. जरा लागेल असंच विचारलं.

बापूंनी ग्लास खाली ठेवला. "आमच्या कॅन्टीनला स्टाफचं टेबल वेगळं होतं. वर पंखा. वाटलं, पोरगं त्या टेबलावर बसावं." अमित बी.ई. मेकॅनिकल आहे. सध्या बँकेच्या कर्जवसुलीचे फोन करतो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शिऱ्याने मधला रस्ता काढला. स्टुटगार्टलाच दुआले होखशूले आहे, तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं आलटून पालटून तीन वर्षांत बॅचलर, आणि पगार पूर्ण काळ. पण त्याला आबिटूरसारखी पात्रता आणि कंपनीचा करार, दोन्ही लागतं.

माझं म्हणणं मी तिथेही मांडलं, कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितो. डिग्री की धंदा हे आज ठरवायची गरजच नाही. पोरगी एप्रिलमध्ये गेली तर आधी भाषेच्या वर्गात बसेल. मग दहावीचं प्रमाणपत्र तिथल्या कचेरीत तपासून घ्यायचं आणि जमलं तर व्यवसायशाळांना जोडलेल्या गिम्नाझियुममध्ये, म्हणजे आबिटूरपर्यंत नेणाऱ्या शाळेत, तीन वर्षांत आबिटूर. नाही जमलं तर आउसबिल्डुंग आहेच. दोन्हीकडे पेपर मात्र जर्मनमध्येच. लेथचं सेफ्टी कार्डसुद्धा. म्हणून दहावीच्या सरावपेपरांइतकंच जर्मनही आत्तापासून. आणि पोरगा तिसरीत म्हणून निर्धास्त राहू नये. तिकडे चौथीनंतरच गिम्नाझियुम की दुसरी शाळा हे ठरतं. त्याच्या हातात वर्षभरच आहे.

"भाषेचं चाललंय," सच्या म्हणाला. त्याची बायको नर्स. तिला तिकडे नर्स म्हणून मान्यता हवी तर जर्मनच्या बी-टू, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीपर्यंत जावं लागणार, त्यामुळे मायलेकी रात्री एकत्र बसतात. घरभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, प्रत्येक वस्तूवर लिंगासकट नाव. फ्रिज पुल्लिंगी, चमचा पुल्लिंगी.

"आपल्याकडेही तसंच," बापू म्हणाले.

"हो, पण दार स्त्रीलिंगी."

"दार कसं काय स्त्रीलिंगी?" नित्याने विचारलं. त्यावरून परत सुरू झालं.