ऑस्लोची मैफल आणि षण्मुखानंदचं रद्द झालेलं तिकीट

नोबेल शांतता पुरस्कार म्हटलं की आमच्या घरच्यांना दोनच गोष्टी आठवतात, गांधीजींना दिला नाही आणि ओबामाला दिला. दोन्ही खरंच आहे, वाद घालायला जागाच नाही. गांधीजींचं नाव पाच वेळा कमिटीसमोर आलं होतं, आणि १९४८ ला, म्हणजे त्यांचा खून झाला त्याच वर्षी, कमिटीने हयात असलेला कुणी लायक उमेदवार नाही म्हणून पुरस्कार कुणालाच दिला नाही. ओबामाचं तर काय, २००९ ला येऊन पुरस्कार घेतला, राजाबरोबरचं जेवण टाळलं, त्याच्या मानात ठेवलेल्या कॉन्सर्टलाही थांबला नाही, निघून गेला. मी नॉर्वेत राहते, इथल्या लोकांना ते जेवण टाळलेलं फार लागलं होतं. पाहुणचार नाकारला की राग येतो हे फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

तर ती कॉन्सर्ट. त्याबद्दलच लिहायचंय, कारण गेल्या वर्षभरात दादाचं (माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो) आणि माझं पाकिस्तानी कलाकारांना आपल्याकडे गाऊ द्यावं का यावरून जे भांडण चाललंय ते फिरून फिरून त्या कॉन्सर्टवरच येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १० डिसेंबरला, आल्फ्रेड नोबेलच्या पुण्यतिथीला, ऑस्लोच्या सिटी हॉलमध्ये पुरस्कार देतात, बाकीची नोबेलं स्वीडनला, शांततेचं तेवढं नॉर्वेत. संध्याकाळी लोक मशाली घेऊन मिरवणूक काढतात, ती ग्रँड हॉटेलपाशी येते आणि विजेते बाल्कनीत येऊन हात हलवतात. आणि १९९४ पासून दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, विजेत्यांच्या मानात एक मोठा गाण्याचा कार्यक्रम व्हायचा, टीव्हीवरून जगभर दाखवायचे. पहिल्या वर्षी विजेते कोण तर अराफात, पेरेस आणि राबिन. पुढच्या वर्षी राबिनना त्यांच्याच देशातल्या माणसाने गोळ्या घातल्या. म्हणजे गाणी गाऊन शांतता येत नाही हे या कार्यक्रमाला पहिल्यापासूनच माहीत होतं म्हणायला हरकत नाही.

खरं सांगायचं तर शो बऱ्याचदा बटबटीतच असायचा. सूत्रसंचालनाला हॉलिवूडवाले, ओप्रा विन्फ्रे आणि टॉम क्रूझ, डेन्झेल वॉशिंग्टन आणि ॲन हॅथवे वगैरे, सगळं इंग्लिशमध्ये. मधेच कुठल्यातरी देशातल्या बालसैनिकांची फिल्म लावायची, लोक डोळे पुसतात न पुसतात तोवर पॉपस्टार येऊन उड्या मारायला लागायची. २०१० ला चीनच्या लिऊ शियाओबोंना पुरस्कार होता, ते तुरुंगात, त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर मानपत्र ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर ए. आर. रहमानपासून बॅरी मॅनिलोपर्यंत सगळे. मला तेव्हाही ते विचित्रच वाटलं होतं, आजही वाटतं. २०१७ नंतर तो मोठा शो थांबला. फार कुणी रडलं नाही.

पण २०१४ चा कार्यक्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी कैलाश सत्यार्थी आणि मलाला. आठवत असेल तर ऑक्टोबरमध्ये नावं जाहीर झाली तेव्हा काश्मीरमध्ये सीमेवर दोन्हीकडून गोळीबार चालू होता, आपल्याकडे अर्धा दिवस तर "हे सत्यार्थी कोण?" यातच गेला, आणि कमिटीने पत्रकात चक्क लिहिलं होतं की एक हिंदू आणि एक मुसलमान, एक भारतीय आणि एक पाकिस्तानी, शिक्षणासाठी आणि अतिरेकाविरुद्ध एकत्र येतात हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. दादाचा पहिला आक्षेप यावरच, की आमची बेरीज वजाबाकी करायला तुम्हाला कुणी सांगितलंय. मला पटतो तो. माणसाने बालमजुरीतून ८० हजारांवर मुलं सोडवल्याचं सांगतात आणि तुम्ही त्याचा धर्म काय लिहिताय पत्रकात.

मग डिसेंबरमध्ये ऑस्लो स्पेक्ट्रुमला कॉन्सर्ट. क्वीन लतिफा सूत्रसंचालक. अमजद अली खांसाहेब दोन्ही मुलांना घेऊन सरोद वाजवून गेले आणि त्याच कार्यक्रमात पाकिस्तानचे राहत फतेह अली खान गायले. ग्वाल्हेरचं घराणं आणि फैसलाबादचं घराणं, त्यातही राहतचं खानदान फाळणीआधी जालंधरचं, म्हणजे जरा मागे गेलं की कोण कुठला हे सांगणंच अवघड. आणि हे स्पेक्ट्रुम आहे कुठे तर सेंट्रल स्टेशन आणि ग्रनलांडच्या मधे. ग्रनलांड म्हणजे आम्हा देशी लोकांची वाण्याची आळी, भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळं तिथे, आणि दुकानं बहुतेक पाकिस्तान्यांची. हे लोक सत्तरच्या दशकात कामगार म्हणून आले, बरेचसे एकाच गुजरात जिल्ह्यातले, पंजाबातला गुजरात बरं का, आपला नव्हे. आता त्यांच्यातलेच हादिया ताजिक आणि आबिद राजा नॉर्वेचे सांस्कृतिक मंत्रीसुद्धा होऊन गेले. त्यामुळे त्या दिवशी स्टेजवर जे झालं ते ग्रनलांडच्या दुकानात रोजच होतं, बिलाच्या काउंटरवर मागे कव्वाली चालू असते आणि पुढे मी माझी मेथी निवडत असते, त्यात थोर असं कुणालाच काही वाटत नाही.

आता मुंबईकडे या. बरोबर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१५, षण्मुखानंद हॉलला पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींचा कार्यक्रम ठरलेला, जगजीत सिंगांच्या आठवणीत. शिवसेनेने विरोध केला, मुख्यमंत्री म्हणाले सुरक्षा देऊ, तरी आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला. पुण्याचाही गेला. दोन-चार दिवसांत सुधींद्र कुलकर्णींच्या तोंडाला काळं फासलं, ते पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसुरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन करत होते म्हणून. जानेवारीत तेच गुलाम अली कोलकात्यात गायले, कोलकाता काही बुडालं नाही.

आणि हे त्याहून जुनं आहे. २०१२ मध्ये एका टीव्ही शोमध्ये आशाताई पाकिस्तानी गायकांबरोबर परीक्षक होत्या तर केवढा गदारोळ, त्या म्हणाल्या अतिथी देवो भव, राज ठाकरे म्हणाले की पैसे देवो भव. टोला भारी होता, हसले मी पण. पण ज्या बाईने गुलाम अलींबरोबर ८३ साली गझलांचा अख्खा अल्बम केला तिला पाहुण्याशी कसं वागायचं हे आपण शिकवायचं का?

दादाचं म्हणणं असं. तुम्ही तिकडे बसून गोड बोलता कारण तुमचं काही पणाला लागलेलं नाही. तुमच्या स्टेशनात कसाब शिरला नाही. तो सव्वीस अकराच्या आदल्याच दिवशी सीएसटीवरून रात्रीची लोकल पकडून घरी आला होता, तो हे बोलतो तेव्हा मी मधे बोलत नाही. आणि ऑस्लोची ती मैफल स्वस्तातली होती हे मलाही मान्य आहे. नॉर्वेला त्यात गमवायचं काय होतं? जिथे गमवायचं असतं तिथे हे लोकही शेपूट घालतात. चीनने लिऊंच्या पुरस्कारावरून संबंध गोठवले, मासळीच्या निर्यातीला फटका बसला, आणि मे २०१४ मध्ये दलाई लामा त्यांच्या पुरस्काराला २५ वर्षं झाली म्हणून ऑस्लोत आले तर सरकारातलं कुणी भेटलं नाही. ज्यांना याच शहरात नोबेल दिलं त्यांनाच. आणि त्याच डिसेंबरमध्ये आमच्या हिंदू-मुसलमानांना एकत्र आणून टाळ्या. दादाने हे वाचलं की तो म्हणणार, बघ.

पण "तुमच्याकडे घडलं नाही" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. २२ जुलै २०११ ला इथे ७७ माणसं मारली, त्यातली ६९ उतोया बेटावर, बहुतेक कोवळी पोरं. मारणारा इथलाच, गोरा, मुसलमान नकोत म्हणणारा. पुढच्या एप्रिलमध्ये खटल्यात त्याने एका साध्या बालगीताला नावं ठेवली, तर पावसात चाळीसेक हजार लोक युंगस्तोर्गेत चौकात जमले आणि तेच गाणं म्हणाले, कोर्टापर्यंत चालत गेले, हातात गुलाब. त्याला काही फरक पडला असेल असं नाही. पण घाव लागल्यावर एखाद्या शहराने काय करायचं याची एक रीत ती पण आहे. आता मारणारा घरचा होता, शेजारच्या देशाने पाठवलेला नव्हता, दोन्हीचं दुखणं सारखं नाही, तेवढं मला कळतं. घरच्या खुन्यावर बहिष्कार तरी कसा टाकणार.

मला दादाशी भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. तू पाकिस्तानी गायकाचं तिकीट काढू नकोस, टीव्ही बंद कर, यूट्यूबवर पुढे ढकल, तुझा शंभर टक्के हक्क. पण षण्मुखानंदला ज्याने तिकीट काढलं होतं त्याचं तिकीट तू कसं काय रद्द केलंस? भांडण एवढंच. आणि हे काही मी परदेशात येऊन शिकले असं समजू नका, मुंबई हायकोर्टानेच २०२३ मध्ये पाकिस्तानी कलाकारांवर बंदी मागणारी याचिका फेटाळताना सांगितलं की देशभक्त असायला परदेशी माणसाशी वैर धरावं लागत नाही, आणि याचिकावाला सुप्रीम कोर्टात गेला तर तिथेही इतके संकुचित होऊ नका म्हणून परत पाठवला.

नकार कसा द्यायचा हे मात्र इथे बघण्यासारखं आहे. २०२५ चं नोबेल व्हेनेझुएलाच्या विरोधी पक्षाच्या नेत्या मारिया कोरिना माचादोंना जाहीर झालं आणि मशालींची मिरवणूक काढणाऱ्या नॉर्वेच्या शांतता परिषदेने सांगून टाकलं की यंदा आम्ही काढणार नाही, त्यांची धोरणं आम्हाला पटत नाहीत. विषय संपला. ज्यांना पटत होतं त्यांनी, म्हणजे व्हेनेझुएलाच्याच लोकांनी वगैरे, स्वतःची मिरवणूक काढली. माचादोबाई वेळेत पोचल्या नाहीत, पुरस्कार मुलीने घेतला, त्या मध्यरात्रीनंतर आल्या आणि ग्रँडच्या बाल्कनीत उभ्या राहिल्या तर खाली लोक होतेच. मशाली काढणारे आणि न काढणारे दोघं एकाच शहरात राहिले. २०१४ ला तर मलालाच्या समोर थेट स्टेजवर मेक्सिकोचा झेंडा घेऊन एक पोरगा चढला होता, त्याच्याकडच्या बेपत्ता विद्यार्थ्यांसाठी, सिक्युरिटीने त्याला नेलं, दंड झाला, देशाबाहेरही काढलं, मऊ वागले असं नाही. पण म्हणून समारंभ रद्द झाला नाही, हे बघा.

यावर दादाचं म्हणणं, तिकडे पोलिसांवर विश्वास आहे, इकडे हॉलवाल्याला माहितीये की खुर्च्या तुटल्या तर भरून कुणी देणार नाही. हे खरंय, आणि हा मला त्याचा सगळ्यात दमदार मुद्दा वाटतो. २०१५ मध्ये सुरक्षा देऊ म्हणणारे आणि विरोध करणारे एकाच सरकारात बसले होते, मग आयोजकाने विश्वास ठेवायचा तो कुणावर. म्हणजे प्रश्न गुलाम अलींचा राहिलाच नाही, खुर्च्यांचा झाला. तो सोडवायला देशभक्ती लागत नाही, दोन व्हॅन पोलीस लागतात.

आता पहलगामनंतर तर सगळंच आवळलंय. मे २०२५ मध्ये सरकारने ओटीटीवाल्यांना पाकिस्तानी गाणी, मालिका, सिनेमे सगळं काढायला सांगितलं, दिलजीतचा सिनेमा त्यात पाकिस्तानी हिरॉईन आहे म्हणून भारतात लागलाच नाही, बाहेर लागला. आई व्हिडिओ कॉलवर विचारते की ती तुझी पाकिस्तानी मालिका तिकडे अजून दिसते का गं, तिचे शेवटचे एपिसोड राहिलेत. आणि सप्टेंबरमध्ये त्याच पाकिस्तानशी दुबईत आशिया कपच्या तीन मॅच. तीन! गाणं नको, सिनेमा नको, पण मॅच हवी कारण तिच्यात पैसा आहे. उद्धव ठाकऱ्यांची सेना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, ते मला निदान एकसूत्री तरी वाटलं, पटलं नाही तरी.

त्या मॅचमध्ये आपला कॅप्टन सूर्यकुमारने पाकिस्तानी कॅप्टनशी हस्तांदोलन न करण्यावरून मात्र माझ्याकडून दादाला वेगळ्याच उत्तराची अपेक्षा होती. त्याला वाटलं मी आता शांततेवर लेक्चर देणार. मी म्हटलं सूर्यकुमारचा हात आहे, त्याला नाही मिळवायचा तर नाही मिळवला, त्याने दुसऱ्या कुणाला मिळवू नको असं सांगितलं नाही ना? दादा म्हणाला, मग गुलाम अलींच्या वेळेला काय झालं होतं तुला? म्हटलं तेच तर सांगतेय मघापासून. त्याने अंगठा टाकला आणि वर एक व्हिडिओ फॉरवर्ड केला, माझं लिहिलेलं त्याने वाचलं की नाही देव जाणे.