सही कोणाची मागायची? एका आक्षेपाला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुरुंग सुधारणेचा प्रस्ताव घेऊन अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवू नयेत, निवेदनं फायलीत सडतात, सरळ जनहित याचिका करावी आणि नवी कारागृहं मागावीत. निवेदनं सडतात हे खरंच. पण का सडतात?

‘गर्दी कमी करा’ असं लिहिलेल्या कागदावर अधिकारी सही करणार तरी कशावर? त्याच्या अधिकारात बसेल अशी मागणी त्यात नसते. शिवाय असं निवेदन बहुतेक जण थेट मंत्र्यांना देतात. ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पायरी पायरीने खाली येत त्याच कारागृहाच्या अधीक्षकांच्या टेबलावर पडतं, आणि त्यांना ती आपल्याविरुद्धची तक्रार वाटते. म्हणून उलट चाला. आधी अधीक्षकांचा लेखी अभिप्राय, मग पुण्याचं कारागृह मुख्यालय, आणि धोरण बदलायचं असेल तरच गृह विभाग. प्रत्येक ठिकाणी पोच आणि आवक क्रमांक घ्या. खर्च लागत नसेल तर ‘शासनावर वित्तीय भार नाही’ हे पहिल्याच पानावर लिहा. नाहीतर फाइल वित्त विभागाकडे वळते.

आता मागायचं काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 479 घ्या. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याने (ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, किंवा इतरांनी निम्मा, तर त्याच्या जामिनावर सुटकेसाठी अधीक्षकांनी स्वतः न्यायालयात लेखी अर्ज करायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळलेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये जुन्या खटल्यांतल्या बंद्यांनाही हे लागू केलं. म्हणजे नवा कायदा मागायचा नाही. दर महिन्याला अशा बंद्यांची यादी करा, एवढंच मागायचं.

यादी चुकते ती तीन ठिकाणी. कलमं एफआयआरमधली घेतली जातात, दोषारोपपत्रात ती बदललेली असतात. दुसरा खटला प्रलंबित असेल तर याच कलमाचं पोटकलम 2 आडवं येतं आणि ही सुटका मिळत नाही, आणि तो खटला दुसऱ्या जिल्ह्यात असला की नोंदीतून सुटतो. तिसरं, पूर्वी शिक्षा झाली होती का, हा रकाना कोराच राहतो. मग एक तृतीयांश धरायचं की निम्मं, हे ठरतच नाही. प्रस्तावात या तीन रकान्यांचा कोरा तक्ता जोडलात, तर अधीक्षकांना नकार द्यायला फारसं कारण उरत नाही. माहिती अधिकारात मात्र फक्त आकडे मागा. बंद्यांची नावं मागितलीत तर खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाईल.

जामीन मिळूनही पैशाअभावी आत असलेल्यांसाठी वेगळा परिच्छेद करा. केंद्राच्या गरीब बंदी साहाय्य योजनेत (2023 च्या मूळ सूचनांनुसार) जिल्हास्तरीय समिती जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मंजूर करू शकते. जामिनाच्या आदेशानंतर 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं. हे कळवलं जातं का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा.

नव्या कारागृहांबद्दल: 2022 अखेर देशातल्या कारागृहांची क्षमता 4,36,266 होती आणि नुसते न्यायाधीन बंदीच 4,34,302. भिंती वाढवून हे गणित सुटत नाही. कारागृह हा राज्यसूचीतला विषय असल्याने त्यासाठी दिल्लीला पत्रं पाठवण्यातही फारसा अर्थ नाही.

राहिली याचिका. 1382 कारागृहांमधल्या अमानवी परिस्थितीबाबतचं सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण 2013 मध्ये उभं राहिलं तेही माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पत्रावरून, आणि न्यायालयाने शेवटी काम सोपवलं जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीवर. तीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक बसतात. समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. म्हणजे वळसा घालूनही तुम्ही त्याच टेबलाशी येता.

तरीही एका बाबतीत तुमचं मान्य: अधीक्षक अर्जच करत नसतील तर याचिका लागते. फक्त तेव्हा हातात आवक क्रमांक, माहिती अधिकारातलं उत्तर आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्तं असू द्या. बैठक झालीच नसेल तर तसं लेखी उत्तर.