अंतराची तारीख आणि वीटभट्टीचा हंगाम

ग्रामीण विवाहित स्त्रिया माहितीअभावी कुटुंबनियोजनाची साधने वापरत नाहीत, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील निदान मला अपुरे वाटते. मी ठाण्यात राहते. माझी नणंद शहापूर तालुक्यात आशा सेविका आहे. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा, हे तिच्या पाड्यावरील बायकांना तोंडपाठ आहे. मात्र दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि पुढच्या डोसची तारीख लिहिलेले कार्ड गावातल्या पत्र्याच्या पेटीतच राहते. एकदा एक बाई भट्टीवरून खास परत आली, तर उपकेंद्रात इंजेक्शनच शिल्लक नव्हते. गाडीभाडे गेले आणि दिवसाची मजुरीही बुडाली. मग अशी स्त्री दुसऱ्या बाळंतपणानंतर थेट नसबंदीची शस्त्रक्रियाच करून घेते, यात नवल ते काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. लेखात नवऱ्यांविषयी (नसबंदी पुरुषांसाठी तुलनेने सोपी असूनही) एक ओळही नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.