सीडी८६ वाढलं, पण इंटरल्युकिन-१२ कुठे?

डेंड्रायटिक पेशी म्हणजे जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवून त्यांना जागं करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांच्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘टीएनएफ (दाह वाढवणारं संदेश-प्रथिन) मिळाला की डेंड्रायटिक पेशी पूर्ण सक्रिय होते’, हे वाक्य अर्धंच आहे. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे दाहातले आणखी तीन संदेश-रेणू एकत्र दिले तर माणसाची पेशी पक्व होते खरी. सीडी८३ आणि सीडी८६ हे तिच्या पृष्ठभागावरचे पक्वतेचे मार्कर वाढतात, वाट दाखवणारा सीसीआर७ हा ग्राही येतो, लसिका ग्रंथीकडे जायची तिची तयारी होते. पण इंटरल्युकिन-१२, म्हणजे टी पेशींना जंतूविरुद्ध लढायला तयार करणारा संदेश, ती जेमतेमच सोडते. त्यासाठी जंतूची प्रत्यक्ष खूण, तिच्यावरच्या सीडी४० या ग्राहीमधून येणारा टी पेशीचा इशारा आणि इंटरफेरॉन गॅमा हे आणखी एक संदेश-प्रथिन यांची जोड लागते.

मी फोंड्यात बीएस्सीच्या मुलांना हा विषय शिकवते. ‘मार्कर वाढले म्हणजे पेशी सक्रिय’ हे ती पाठ करूनच येतात, म्हणून असं वाक्य मराठीत छापलेलं पाहून वाईट वाटतं. पावसाळ्यात गोव्यात घरोघरी ज्याची धास्ती असते त्या डेंगीचं उदाहरण मी वर्गात देते. विषाणू शिरलेल्या डेंड्रायटिक पेशी टीएनएफ आणि इंटरफेरॉन अल्फा सोडतात, त्यामुळे शेजारच्या निरोगी पेशीही पक्व होतात. तरी इंटरल्युकिन-१२ कमीच राहतं, इंटरफेरॉन गॅमा मिळाल्यावर ते वाढतं. पुढच्या भागात एवढी दुरुस्ती जरूर करा.