फावल्या वेळाचा हिशोब

गोधडी युरोपात बारा हजारांना विकली जाते आणि शिवणाऱ्या बाईच्या हातात हजार रुपयेही पडत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत अधूनमधून फिरत असतो. त्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, ही उघड लूट आहे. दुसरा म्हणतो, बायकांना फावल्या वेळात चार पैसे मिळतात, तेही बंद पाडू नका. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हाही असाच गदारोळ झाला. तेव्हा वाद नावाचा होता. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं काय, असं सगळे विचारत होते, आणि ते विचारायलाच हवं होतं. पण चपलेची वेणी घालणं, पट्ट्या शिवणं ही कामं पुष्कळ घरांत बायका करतात. त्या वेणीला किती वेळ लागतो आणि त्याचे किती मिळतात, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा आलाच नाही.

जर्मनीत बसून हे वाद वाचताना ‘फावला वेळ’ हा शब्द सगळ्यात जास्त खटकतो. इथे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या बिलातही तास लिहिलेले असतात. जानेवारी २०२६ पासून कायद्याने किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, आणि ते तासावर असल्यामुळे कुणी कमी दिलं तर लगेच दिसतं. गोधडीची मजुरी नगावर ठरते. नगावर ठरलेल्या मजुरीत तास लपतात, आणि तास लपले की काय योग्य नि काय अयोग्य हे मोजायला काही उरत नाही.

म्हणून आधी किंमत उलगडून पाहू. इथल्या वेल्टलाडेनमध्ये, म्हणजे फेअर ट्रेडच्या (करणाऱ्याला रास्त मोबदला द्यायचा, या तत्त्वावरच्या व्यापाराच्या) दुकानात, गोधडी ११९ युरोला आहे असं धरू. त्यातले १९ युरो मूल्यवर्धित कराचे. उरलेल्या १०० पैकी दुकान साधारण ४५ ठेवतं. भाडं, वीज आणि न खपलेला माल हे सगळं त्यातूनच निघतं. आयातदार २२ घेतो. जहाजभाडं, विमा, जकात यांना ५ जातात. बायकांकडून गोधड्या शिवून घेऊन बाहेर पाठवणाऱ्या भारतातल्या संस्थेकडे २८ युरो पोचतात. युरोला शंभर रुपये असा सोपा दर धरला तर २,८०० रुपये. प्रत्येक दुकानाचे आकडे थोडे वेगळे असतील, पण दुकानातली किंमत निर्यातीच्या किमतीच्या चौपटीच्या आसपास जाणं नेहमीचं आहे. जर्मनीत अशी सुमारे ९०० दुकानं आहेत आणि त्यातली बहुतेक स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात. तेव्हा मधले सगळे गब्बर होतात हे काही खरं नाही. बाईला कमी मिळण्याचं कारण दुसरीकडेच आहे.

ते कारण टाक्यात आहे. दीड मीटर रुंद, २.२ मीटर लांब अशी एकेरी गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या ओळी लांबीने घातल्या आणि दोन ओळींत एक बोट, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर ७५ ओळी होतात. ७५ गुणिले २.२ म्हणजे १६५ मीटर शिवण. चार-पाच थरांतून सुई काढायची असते. मीटरला १५ मिनिटं धरली तर ४१ तास होतात. थर जुळवणं, कच्चे टाके, कडेचा गोट यांचे आणखी पाच. एकूण ४६ तास. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने ताशी ३९. तेवढ्याच दराने ४६ तासांचे १,७९४ रुपये होतात. पाच जुन्या साड्यांचे ३००, दोऱ्याचे ६०, धुलाई-इस्त्रीचे १०० धरले तर संस्थेकडे तपासणी, बांधणी, वाहतूक आणि नासाडीसाठी साडेपाचशेच्या आत रुपये राहतात. घट्ट आहे, पण बसतं.

आता आयातदाराचा एक साधा मेल येतो, शिवण जरा दाट करा. दोन ओळींत एक सेंटिमीटर. दिसायला गोधडी फारशी बदलत नाही, फोटोत मात्र सुंदर दिसते. ओळी दीडशे होतात, शिवण ३३० मीटर, नुसत्या टाक्यांचेच तास ८२. मजुरीच ३,४०० च्या घरात जाते, निर्यातीच्या किमतीपेक्षा जास्त. किंमत मात्र तीच राहते, कारण त्या मेलचा अर्थ तासांत कुणी लावलेलाच नसतो. बाई रात्री जागून ती गोधडी पुरी करते आणि सगळे त्याला फावला वेळ म्हणतात. फसवायचा हेतू कुणाचाच नव्हता, तरी तिची मजुरी निम्म्यावर आली.

फेअर ट्रेडचा शिक्का यावर पुरेसा पहारा ठेवतो का? गावाकडे एक गैरसमज पक्का आहे की कॉफी-केळ्यांवर असतो तो फेअरट्रेडचा निळा-हिरवा शिक्का गोधडीवरही मिळतो. तो हस्तकलेसाठी नाहीच. हस्तकलेत जागतिक फेअर ट्रेड संघटनेची हमी चालते आणि ती वस्तूची नसून संस्थेची असते. तिच्या दहा तत्त्वांत एक कलम बायकांच्या दृष्टीने फार मोलाचं आहे: हस्तकलेच्या ऑर्डरवर मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. ही रक्कम नसेल तर साड्या-दोऱ्यासाठी शिवणाऱ्या बायकांचा गट शेकडा दोन रुपये महिन्याने पैसे उचलतो, आणि माल पोचून पैसे येईपर्यंत चार-पाच महिने व्याज चालू राहतं. पण कलमात ‘मागितल्यास’ आहे. अनेक गट मागत नाहीत, ऑर्डर हातची जाईल या भीतीने. माझ्या मते भाव वाढवून मागण्याआधी आगाऊ रक्कम मागावी. ती मिळाली की भाव मागायचं बळ येतं.

आणखी एक चूक दिनदर्शिकेची आहे. इथली सगळ्यात मोठी विक्री नाताळची. माल ऑक्टोबरात दुकानात हवा, म्हणजे न्हावा शेव्याहून ऑगस्टमध्ये निघायला हवा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यात आणखी दहा-पंधरा दिवस गेले. ऑर्डर मे महिन्यात दिली की शिवण जून-जुलैत येते. म्हणजे नेमकी पेरणी आणि खुरपणी. तेव्हा बाईला शेतात रोजची मजुरी असते, ती सोडून ती शिवायला बसणार कशी? शिवाय पावसात कापड वाळत नाही, दमट गोधडी पेटीत भरली की हॅम्बुर्गला पोचेपर्यंत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ती खेप गटाच्या माथी येते. ऑर्डर डिसेंबरात द्यावी, शिवण फेब्रुवारी ते मे. आयातदाराला यात फक्त पैसे आधी गुंतवावे लागतात, बाकी काही जात नाही.

माल परत येण्याची कारणंही ठरलेली आहेत. कोरं कापड अस्तराला लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, जुनी साडी आधीच आटलेली असते, आणि गोधडी सुरकुतते. म्हणून कोरं कापड आधी भिजवून वाळवावं. कच्चे टाके मधून कडेकडे घालावेत, कडेपासून सुरू केले तर झोल मधोमध गोळा होतो. प्रत्येक साडीवर पांढरं ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबून रंग लागतो का पाहावं. निऱ्यांच्या भागात कापड विरलेलं असतं, तो तुकडा अंगठ्यांनी ताणून बघितल्याशिवाय वरच्या थरात घेऊ नये. चुलीजवळ ठेवलेल्या गोधडीचा धुराचा वास सहजासहजी जात नाही. आणि सुई मोजून द्यावी, जुनी परत आली तरच नवी. गोधडीत राहिलेलं सुईचं एक टोक पूर्ण ऑर्डर रद्द करायला पुरतं. युरोपीय संघात काही रंगांतून सुटणाऱ्या घातक रसायनांसाठी कापडाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादाही आहे. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या साड्यांची प्रत्येकी तपासणी परवडत नाही, म्हणून नमुन्यांच्या तपासणीचा खर्च आयातदाराने उचलायला हवा.

या साखळीत आणखी एक बाई आहे, तिचा उल्लेख फेअर ट्रेडच्या माहितीपत्रकांत सहसा नसतो. साड्या येतात कुठून? भांडं देऊन जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीकडून. पाच साड्यांच्या तीनशे रुपयांत तिची दिवसभराची पायपीट आणि डोक्यावरचं गाठोडंही आहे. तिचा भाव गट ठरवतो, आणि तिथे घासाघीस करणाऱ्याही बायकाच असतात.

‘अनुदान नको, रोजगार द्या’ असं लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांवरून ठणकावून सांगणाऱ्यांना तर तासांचा हिशोब जास्तच मागायला हवा. गोधडीला रोजगार म्हणायचं असेल तर तिचे तास लिहिलेले हवेत. इथल्या दुकानांत गोधडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर हसऱ्या बाईचा फोटो नि दोन ओळींची करुण कहाणी असते. त्याऐवजी ‘शिवणीचे तास ४६’ एवढं छापावं. ते वाचून गिऱ्हाईक आपोआप भागाकार करील.

तास काढायचे तर पहिल्या नमुन्यावरच. सगळ्यात चपळ बाईला शिवायला देऊन घड्याळ लावू नये. तीन जणींना द्यावं, एक चपळ, एक मध्यम, एक साठीची, आणि सरासरी घ्यावी. स्वयंपाक, पाणी, पोर यांसाठी उठलेला वेळ वजा करावा, पण सुईत दोरा ओवण्याचा करू नये. मग एकसारखे तीन नमुने ठेवावेत: एक गटाकडे, एक संस्थेत, एक आयातदाराकडे. तिन्हींच्या कोपऱ्यावर ओळींमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये दोऱ्यानेच शिवून ठेवावं. पुढे ‘जरा दाट करा’ असा मेल आला की गटाने नमुन्यावर मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि सोबत नवा दर पाठवावा.